नाव न घेता सिकंदर

आजच्या उत्तर मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये, तिच्या मुख्य चौकात पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. वीस मीटरहून उंच काम: खांब, त्यावर उधळलेला घोडा, घोड्यावर तलवार उगारलेला तरुण. खाली कारंजी आणि सिंह. कुणीही सांगेल, हा प्राचीन मॅसिडोनियाचा राजा सिकंदर! पण 2011 साली तो बसवला तेव्हा ग्रीसच्या हरकतीमुळे अधिकृत नाव ठेवलं 'घोड्यावरचा योद्धा'. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव न घेता 'इकडून' म्हणायच्या ना, अगदी तसं.

1991 मध्ये युगोस्लाव्हियातून वेगळा झालेला हा देश. ग्रीस म्हणे, मॅसिडोनिया हे नाव आमचं. बल्गेरिया म्हणे, तुमची भाषा ती आमचीच. मग सरकारने पूर्वजच उभे केले. 2010 मध्ये 'स्कोप्ये 2014' प्रकल्प जाहीर झाला आणि पुतळे, पूल, संग्रहालयं यांची रांग लागली. विमानतळालाही सिकंदराचंच नाव होतं. पाहुण्याने फोटो काढला की वंशावळीला साक्षीदार मिळतो, असा हिशोब असावा.

एका दिमाखदार इमारतीच्या खांबावर टिचकी मारून पाहिली. पोकळ! आत जुनी काँक्रीटची भिंत, वर राजवाड्याचा मुखवटा. दगडी पूल ओलांडला की जुना बाजार लागतो, मशिदी, हमाम. इथे पाच शतकांहून जास्त काळ उस्मानी राजवट होती. चौकात मात्र तिचा मागमूस नाही.

मला खिळवून ठेवलं ते जुन्या रेल्वे स्थानकाने. अर्धी इमारत पडलेली, दर्शनी भिंतीवरचं घड्याळ 5:17 वर थांबलेलं. 26 जुलै 1963 च्या पहाटे भूकंप झाला, हजारावर माणसं गेली. मग जगभरातून मदत आली, केन्झो तांगे या जपानी वास्तुरचनाकाराने शहराच्या मध्यभागाचा आराखडा केला. आता त्या स्थानकात शहराचं संग्रहालय आहे. मी गेलो तेव्हा आवारात दोन कबुतरं आणि मी.

2018 मध्ये देशाच्या नावावरून ग्रीसशी करार झाला. विमानतळाचं नाव त्याच वर्षी बदललं, 2019 मध्ये देश 'उत्तर मॅसिडोनिया' झाला, आणि पुतळ्यापाशी हा वारसा प्राचीन ग्रीक इतिहासाचा असल्याची पाटी लागली. ती वाचायला कुणी थांबताना दिसलं नाही. पोरं कारंज्यात भिजत होती.

निघताना एका टपरीवर थांबलेल्या घड्याळाचं मॅग्नेट मागितलं. दुकानदाराने जरा शोधल्यासारखं केलं आणि सिकंदर पुढे केला.