‘टॅटू’चं ‘ठॅठू’

मावसभावाने लालबागला टॅटूचं दुकान घेतलं आणि पाटीचं काम माझ्या गळ्यात मारलं. अट एकच. ‘दादा, अक्षर ते काळं, टोकदारच पाहिजे. गॉथिक!’ लॉस एंजेलिसच्या चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या) टॅटूंचे फोटो पाहून पाहून त्याचं डोकं फिरलेलं.

इंग्रजी अर्ध्या तासात उरकेल असं वाटलं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ओल्ड इंग्लिश टेक्स्ट’ हा गॉथिक फाँट लावला, सगळी कॅपिटल टाकली, आणि समोर खिडकीचं ग्रिल उभं राहिलं. गॉथिकचं कॅपिटल एकटंच मिरवायचं असतं. रांगेत उभी केली की वाचायची सोय नाही. स्मॉल अक्षरंही काही गरीब नव्हेत. गटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं ते याच गॉथिक घराण्यातल्या ‘टेक्स्टुरा’ नावाच्या वळणात. त्यात रेघ जेवढी जाड, जवळपास तेवढीच मधली पांढरी जागा. ‘मिनिमम’ हा इंग्रजी शब्द त्यात लिहा, १५ सारख्या उभ्या रेघा ओळीने दिसतील.

खरा घोळ मराठीचा. २०२२च्या दुरुस्तीपासून छोट्या दुकानांनाही पाटीवर मराठी आधी लिहावं लागतं, आणि तेही दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे साध्या फाँटातली देवनागरी कोपऱ्यात ढकलायची पळवाट बंद. (बरं झालं.) देवनागरीला गॉथिक करायचं म्हणून मी इंग्रजी कॅलिग्राफीचा कट-निब पेन घेऊन ‘टॅटू’ लिहिलं. अक्षर आजारी दिसायला लागलं. जाडी नको तिथे, बारीक नको तिथे. दोन रात्री गेल्यावर ट्यूब पेटली: बोरूचा, म्हणजे देवनागरी लिहायच्या आपल्या जुन्या लेखणीचा, टोकाचा तिरका काप इंग्रजी निबच्या उलटा असतो! माळ्यावरून जुना बोरू काढला आणि त्याच कापाने गोलाई मोडायला घेतली. ट च्या पोटाचे तीन सरळ तुकडे केले, शिरोरेघेची टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी छाटली. भलताच खूश होऊन कागद आईपुढे धरला.

‘ठॅठू म्हणजे काय रे?’

पोटाचा शेवटचा तुकडा दांड्याला जाऊन टेकला होता. तो मागे ओढला, तोंड उघडं केलं, तेव्हा कुठे ट चा ट झाला.

लेटर कापणाऱ्याने फाइल उघडली आणि पहिलंच वाक्य, ‘हे केस राहणार नाहीत.’ केस म्हणजे टोकांना काढलेल्या त्या नाजूक रेघा. मी हट्टाने एक नमुना कापून घेतला. ॲक्रेलिकवरचा कागद सोलतानाच चंद्राचं टोक तुटून त्याच्या बोटाला चिकटलं. तो काही बोलला नाही, ते टोक फक्त माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. केस गेले. मग एलईडी लावून पाहिले, तर उजेड पसरून मधल्या फटी बुजल्या. फटी रुंद केल्या, त्यात अक्षराचा काळेपणा थोडा गेला. भाऊ कुरकुरला, पण रात्री समोरच्या फुटपाथवरून वाचता येतंय हे त्यालाही दिसत होतं.

पाटी चढवायच्या दिवशी टू चा ऊकार शटरच्या डब्याला लागला. शेपूट बोटभर कापावी लागली. इंग्रजी नाव त्याच शेपटीच्या बाजूला, बारीक होऊन बसलंय.