हँडब्रेक, केबल आणि कॅलिपरमागचा तो बोल्ट

माझी माझदा युनोस रोडस्टर १९९२ सालची, १.६ लिटर इंजिनाची आहे. ब्रिटनमध्ये हीच गाडी एमएक्स-५ या नावाने विकली गेली, परंतु जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असल्यामुळे तिथल्या बऱ्याच जुन्या युनोस इंग्लंडमध्ये आल्या आणि त्यांपैकीच एक माझ्याकडे आहे. वजनाने ती जेमतेम साडेनऊशे किलो भरते आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. रचना इतकी साधी आहे, की ब्रेकचे बहुतेक काम घरी, दोन भक्कम स्टँड आणि मोजक्या पान्यांवर करता येते. मागच्या कॅलिपरमधली, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागातली, एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी लागते आणि तिच्यासाठीच हे लिहीत आहे.

गेल्या वर्षीच्या वार्षिक एमओटी तपासणीत हँडब्रेक कसाबसा पास झाला. नियमानुसार त्याची क्षमता, म्हणजे गाडीच्या वजनाच्या तुलनेत ब्रेकचा जोर, किमान १६ टक्के असावी लागते आणि माझा आकडा त्याच्या अगदी काठावर होता. एका गॅरेजमध्ये केबल आवळून घेतली, पण दोन महिन्यांत हँडल पुन्हा पार वरपर्यंत येऊ लागले. केबल आवळण्याचा उपाय मलाही तेव्हा बरोबरच वाटला होता, कारण लहानपणी सांगलीत आमच्या चेतकचा मागचा ब्रेक ढिला झाला की वडील केबलच्या टोकाचा नट फिरवत आणि तेवढ्यात काम होई. ड्रम ब्रेकला ते लागू पडते. या गाडीत हँडब्रेक ओढला की कॅलिपरवरचा एक छोटा दांडा फिरतो आणि आतल्या यंत्रणेमार्फत पिस्टनला मागून ढकलतो. पॅड झिजून आतले अंतर वाढले असताना नुसती केबल आवळली, तर तो दांडा आपल्या मूळ थांब्यापर्यंत परतत नाही. म्हणजे त्याच्या हालचालीतला काही भाग आधीच खर्ची पडलेला असतो आणि आतले अंतर मात्र जसेच्या तसे राहते.

हे अंतर जुळवण्याची सोय कॅलिपरच्या पाठीमागे, चौदाच्या पान्याने उघडणाऱ्या एका बोल्टखाली दडलेली आहे. तो बोल्ट काढल्यावर ब्रेक ऑइल गळत नाही. ऑइलची नळी ज्या बोल्टने जोडलेली असते तो वेगळा, त्याला चुकूनही हात लावू नये. आत ४ मिलिमीटरची एलन की (षटकोनी टोकाची किल्ली) बसते. ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की पिस्टन आत सरकतो. पुढचे पिस्टन क्लॅम्पने दाबून आत घालता येतात. मागचे तसे दाबले तर आतली यंत्रणा कायमची बिघडू शकते आणि माझ्या मते या गाडीवर होणारी सर्वांत महागडी चूक हीच आहे.

डावे चाक काढले तेव्हा खरे दुखणे दिसले. बाहेरच्या पॅडवर ६ मिलिमीटर थर शिल्लक होता, तर आतल्यावर जेमतेम २. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यांतली एक जागीच बसली होती आणि तिच्यावरचे ग्रीस वाळलेल्या डिंकासारखे कडक झाले होते. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे पिनेवरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, जरा फाटला तरी आत गंज धरतो. कॅलिपर नळीवर लोंबकळू नये म्हणून तो तारेने स्प्रिंगला बांधला, पीन घासून लख्ख केली, नवा बूट चढवला आणि रबराला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावले. नवे पॅड बसवल्यावर एलन की घड्याळाच्या दिशेने, डिस्क अडेपर्यंत फिरवली आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घेतली. हे सगळे होईपर्यंत केबल पूर्ण सैल ठेवली होती. ती शेवटी, हँडल ५ ते ७ खाचांत घट्ट होईल एवढीच आवळली.

ब्रेक ऑइलही बदलले. ते हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो आणि उतारावर सतत ब्रेक लावताना हा फरक जिवाशी येतो. पत्नी पेडलपाशी बसली होती. मी ‘दाब’ म्हटले की ती दाबायची आणि निपल, म्हणजे कॅलिपरवरचा जुने ऑइल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू, बंद करून मी ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय उचलायची नाही. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. आधी चहासारखे काळपट आणि मग स्वच्छ, फिकट पिवळे ऑइल येऊ लागले. हे ऑइल रंग खाते, म्हणून पाण्याची बादली शेजारीच ठेवली होती.

गाडी खाली उतरवल्यावर आधी जागेवरच पेडल कडक होईपर्यंत दाबले आणि मग रिकाम्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक लावत नवे पॅड बसू दिले. घरासमोरच्या चढावर सहाव्या खाचेला गाडी जागच्या जागी थांबली. महिन्याभराने डावे चाक पुन्हा काढून मोजले, तेव्हा आतला आणि बाहेरचा पॅड सारखेच झिजले होते.