सुट्टीचा शेवटचा आठवडा बडोद्यातच

मे महिना संपत आला की आमच्या घरात दोन तट पडतात. मुलगा आणि सूनबाई म्हणतात, चार दिवस सापुताऱ्याला जाऊन येऊ, एकदा शाळा सुरू झाली की कुठे निघणं होत नाही. माझं म्हणणं असं की लांबच्या सहली सुट्टीच्या सुरुवातीला उरकाव्यात आणि शेवटचा आठवडा बडोद्यातच घालवावा. यंदा माझ्या बाजूला एक भक्कम कारण होतं. धाकटा नातू पहिलीत जाणार होता, आणि शाळेत पाऊलही टाकणार नाही असं त्याने आंबे बाजारात यायच्या आधीपासून सांगून ठेवलं होतं.

नोकरीची सगळी वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी पहिलीच्या वर्गावर. जूनमधली ती पहिली सकाळ मला चांगली ठाऊक आहे. आदल्या रात्री गावाहून परतलेलं पोर ओळखता यायचं. डोळे तारवटलेले, डबा तसाच परत गेलेला, आणि दुपारी बाकावर डोकं टेकून झोप. त्यात मुलाचा काय दोष? दीड महिना रात्री बाराला झोपून सकाळी नऊला उठलेलं शरीर एका रात्रीत सरळ होत नाही. त्यासाठी ओरडून उपयोग नसतो. सकाळी साडेसहाला फिरायला निघायचं आहे एवढं सांगितलं की मुलं आपणहून सहाला उठतात. तीन-चार सकाळी असं झालं की रात्री नऊला डोळे मिटू लागतात.

शिवाय बडोद्याचं ऊनच असं की दहानंतर बाहेर थांबायची सोय नसते. बेचाळीस अंशांत कसली सहल? म्हणून सकाळी बागेत नाहीतर गावाबाहेर, दुपारी आमरस-पुरी खाऊन पडदे ओढून झोप, आणि संध्याकाळी जुन्या गावात, असा आमचा शिरस्ता.

पहिल्या दिवशी कमाटीबाग. आम्ही दांडिया बाजारातले, त्यामुळे बाग तशी पायाखालचीच. बरोबर सहावीत जाणारी थोरली नात, धाकटा, आणि पुण्याहून सुट्टीला आलेला लेकीचा मुलगा. आधी विश्वामित्रीच्या पुलावर थांबलो, कारण मगर दिसल्याशिवाय पुण्याचा पाहुणा पुढे सरकायला तयार नव्हता. शहराच्या मधून वाहणाऱ्या या नदीत मगरी आहेत, आणि २०२५ सालच्या मोजणीत तर त्या ४०० हून जास्त निघाल्या. बऱ्याच वेळाने एक दिसली. काठच्या चिखलात निपचित पडलेली, चिखलाच्याच रंगाची, म्हणून आधी थोरलीशिवाय कोणालाच कळेना. मी मुलांना सांगितलं की मगरीण उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि दोन-अडीच महिन्यांनी, पावसाच्या आगेमागे, पिल्लं बाहेर येतात. आतून त्यांचा आवाज आला की आईच वरची माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. धाकट्याने विचारलं, "चावत नाही?" नाही चावत, म्हटलं. त्यावर तो बराच वेळ गप्प होता.

पुलाजवळच सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, तोच आमचा काळा घोडा. धाकटा जन्मल्यापासून त्याच्यासमोरून जातो आहे. त्याला म्हटलं, हे महाराज बारा वर्षांचे झाले तोवर त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. खरीच गोष्ट आहे. नाशिककडच्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा. बडोद्याच्या राणी जमनाबाईंनी त्याला २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलं, १६ जूनला गादीवर बसवलं, आणि मग त्याचं शिक्षण सुरू झालं. पुढे एलियट साहेब शिकवायला आले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा त्या मुलाला शिकायच्या होत्या. आमचा धाकटा सहा वर्षांचा. बोटं मोजून तो म्हणाला, "म्हणजे मी त्यांच्या आधी शिकणार?" हो, म्हटलं, कितीतरी आधी.

मग पुढचंही सांगितलं. याच राजाने १८९३ मध्ये अमरेलीकडच्या गावांत सक्तीचं आणि मोफत शिक्षण सुरू करून पाहिलं, आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मुलगे आणि मुली, दोघांनाही. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. हे ऐकून पुण्याचा नातू धाकट्याला म्हणाला, "तू नाही गेलास तर मामाला दंड!" माझ्या मनात मात्र या कायद्याबद्दल फार आदर आहे. त्या काळी हिंदुस्थानात इतरत्र अशी सक्ती करायला कोणी धजत नव्हतं. माझ्या आजीने बडोद्यात चौथीपर्यंतची शाळा पाहिली. ती पोथी वाचायची आणि दुधाचा हिशेब स्वतः लिहायची. तिच्याच वयाच्या, दुसऱ्या गावांतून सून म्हणून आलेल्या बायका अंगठा उठवत होत्या. हा फरक मी घरातच पाहिलेला आहे.

बागेतल्या म्युझियममध्ये आम्ही दरवर्षी जातो. १८९४ सालची ही इमारत, आणि आत निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा मासा ७० फुटांहून लांब आहे, आणि तरी ते पिल्लूच होतं म्हणतात. धाकट्याने शेपटीपासून जबड्यापर्यंत पावलं टाकत लांबी मोजली. अध्येमध्ये माणसं आली की मोजणी चुकायची आणि तो पुन्हा शेपटीपाशी जायचा. पाठीचे मणके पाटासारखे मोठे, आणि शेपटीकडे ते लहान लहान होत वाटीएवढे. ते कुठून लहान व्हायला लागतात हे त्याला शोधायचं होतं. मी त्याला हवा तेवढा वेळ दिला. मुलाला एका वस्तूपाशी अर्धा तास उभं राहू द्यावं, दहा दालनं धावत दाखवण्यात काही अर्थ नाही, हे माझं ठाम मत आहे.

थोरलीला ममीपुढून हलवणं कठीण असतं, पण यंदा ती अकोट्याच्या धातूच्या मूर्तींपाशी रमली. जिथे तिच्या आत्याचं घर आहे त्याच बडोद्यातल्या अकोट्यात जमिनीखाली सापडलेल्या या जैन मूर्ती, हजार-बाराशे वर्षांच्या आणि काही त्याहून जुन्या. त्यांत हातात चामर घेतलेली एक स्त्री आहे. नातीने वहीत तिचं चित्र काढायला घेतलं आणि केसांची रचना काही केल्या जमेना. शेवटी नुसता केसांचाच मोठा तपशील काढून आणला. मला तो पूर्ण चित्रापेक्षा जास्त आवडला.

एक दिवस पावागडचा. पहाटे पाचला गाडी काढली. वाटेत चांपानेरच्या थोडं अलीकडे एक गोल विहीर आहे, तिथे फार कमी लोक थांबतात. पायऱ्या भिंतीला धरून गोल गोल खाली उतरतात, दोन-अडीच हात रुंद, कठडा नाही. मुलांचे हात घट्ट धरूनच उतरावं. पुढे माचीपर्यंत गाडी, तिथून उडनखटोला, म्हणजे रोपवे, मग पायऱ्या आणि कालिकामातेचं दर्शन. वर उन्हाआधी पोहोचलो म्हणून निभावलं.

खाली आल्यावर जामी मशिदीत तासभर बसलो. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण त्या दिवशी तिथे आमच्याखेरीज मोजकीच माणसं होती. दगडी खांबांच्या रांगांमध्ये इतका गारवा की मुलं फरशीवर पालथी पडली. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने १४८४ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर हा गड घेतला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायूनची माणसं खडकात लोखंडी खुंट्या ठोकून रात्री कडा चढली, आणि त्यांच्या मागोमाग बादशहा स्वतः चढला. पुढे हा गड शिंद्यांकडे होता, थेट १८५३ पर्यंत. खुंट्यांची गोष्ट मुलांनी तीनदा सांगायला लावली. पुण्याचा नातू सिंहगडाच्या घोरपडीची गोष्ट घेऊन आला आणि दोघांत बरीच वादावादी झाली, शहाणा कोण, खुंट्यावाला की घोरपडवाला.

संध्याकाळी मांडवीच्या बाजूला सेंट्रल लायब्ररीत गेलो. ही जागा मला बागेइतकीच प्रिय आहे. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि गावोगावच्या वाचनालयांची घडी बसवली. पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून खेड्यांत पाठवत, तिथली वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. पुस्तकांच्या मजल्यांवर लोखंडी मांडण्या आणि पायाखाली जाड काचेची जमीन. काच धुरकट आहे, आरपार दिसत नाही, पण वर कोणी चाललं की चपलांच्या सावल्या डोक्यावरून सरकतात. धाकटा मान वर करून त्या सावल्यांच्या मागे मागे गेला, पार दुसऱ्या टोकापर्यंत. पुस्तक हातात घेतलं नाही. घ्यायलाच हवं असं मीही म्हटलं नाही.

तिथून सेव-उसळ. मिसळीची ही बडोद्याची बहीण पुण्याच्या नातवाला आता मिसळीहून जास्त आवडते. वरून तिखट तर्री हवी तेवढी, आणि पाव.

पुण्याचा नातू दुसऱ्या दिवशी गेला. त्यांच्या शाळा आमच्यापेक्षा थोड्या उशिरा उघडतात, पण गाडीचं तिकीट तेव्हाचंच मिळालं. स्टेशनवर तिघंही रडली.

शेवटचे दोन दिवस खरेदीचे. रावपुऱ्यात वह्या, पेन्सिली, कंपासपेटी, आणि तपकिरी कागदाचे गुंडाळे. गणवेश शिवून आला तर धाकट्याची चड्डी चार बोटं लांब. सूनबाई बदलून आणायला निघाली होती, मी टिपा घालून दिल्या. दिवाळीपर्यंत उसवायलाच लागतात.

रविवारी सगळं घर कव्हरं घालायला बसलं. मुलगा कागद कापतो, सून घड्या घालते, मी चिकटपट्टी. नावाच्या चिठ्ठ्या दरवर्षी मीच लिहिते, पण यंदा धाकटा म्हणाला, माझ्या वह्यांवर मी लिहिणार. शाळा गुजराती माध्यमाची, बालवाडीत गुजराती अक्षरं गिरवलेली, आणि घरी माझ्याकडे मराठी. त्याने नाव गुजरातीत लिहिलं, थोडं मागे सरकून पाहिलं, आणि मग डोक्यावर पट्टीने एक रेघ ओढली. गुजरातीला शिरोरेषा नसते. "आता आजीचंपण झालं," म्हणाला. सगळ्या वह्यांवर तसंच लिहिलं. सूनबाईला काळजी, बाई काय म्हणतील. मी म्हटलं, मी असते तर शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून दाखवलं असतं.

सोमवारी शाळा. मृग लागला होता, पावसाचा पत्ता नव्हता, उकाडा मात्र अंगाला चिकटणारा. फाटकाशी त्याने माझा पदर धरला आणि डोळे भरून आले, तेवढ्यात पलीकडचा एक मुलगा जमिनीवर लोळण घेऊन रडायला लागला. आमचा आपलं रडणं विसरून तेच पाहत राहिला, आणि बाईंनी हात धरला तसा आत गेला. आमच्या घराजवळच्या सरकारी शाळेत या महिन्यात प्रवेशोत्सव होईल. २००३ पासून राज्यभर होतो. नव्या मुलांना टिळा लावतात, दप्तर देतात. मला तो सोहळा आवडतो. पहिल्या दिवशी कोणीतरी आपली वाट पाहत होतं, हे मुलाला कळायला हवं.

दुपारी धाकटा घरी आला तो तक्रार घेऊनच. सकाळी लोळण घेणारा तो मुलगाच त्याच्या शेजारी बसतो. त्याला देवमाशाची गोष्ट सांगितली, सत्तर फूट म्हणून, तर तो म्हणतो, खोटं. असा मासा बडोद्यात असूच शकत नाही. रविवारी त्याला घेऊन कमाटीबागेत जायचं ठरलं आहे. तो वाडी भागात राहतो एवढंच कळलंय, तेव्हा उद्या शाळा सुटताना फाटकाशी त्याच्या आईला गाठून विचारते.