यॉ डॅम्परच्या टोकाचं रबर

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी एलएचबी डब्याचं, म्हणजे जर्मन रचनेच्या रेल्वेच्या प्रवासी डब्याचं, संगणकीय मॉडेल बनवलं. प्रश्न एकच होता: कोणत्या वेगापर्यंत हा डबा रुळावर शांत चालेल?

रेल्वेचं चाक शंकूसारखं असतं, आतल्या बाजूला मोठं, बाहेर लहान. दोन चाकांना जोडणारा एक्सल डावीकडे सरकला की डावं चाक मोठ्या व्यासावर येतं आणि एक्सल मध्याकडे वळतो. पण तो मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातो. ही नागमोडी चाल म्हणजे हंटिंग. तिच्या लांबीचं सूत्र क्लिंगेल यांनी १८८३ मध्ये दिलं. ९१५ मिमीचं नवं चाक, आपला ब्रॉडगेज आणि २० ला १ उतार धरून मी वहीतच गणित केलं: एक नागमोड सुमारे १८ मीटरची. चाक झिजून हा उतार चौपट झाला तर ९ मीटरची. म्हणजे ताशी १६० किमीला सेकंदाला अडीचऐवजी पाच हेलकावे! तेव्हाच कळलं, खरी परीक्षा झिजलेल्या चाकाची आहे.

सुरुवातीला एक्सलला हलकासा धक्का देऊन बघायचो. हेलकावे विरले की डबा स्थिर, असं मानायचो. सर म्हणाले, "जोरात ढकलून बघ." त्याच वेगाला हेलकावे थांबेचनात. मग उलटं केलं. जास्त वेगाला हंटिंग सुरू करून वेग हळूहळू उतरवत गेलो आणि ते जिथे विझलं तोच खरा क्रांतिक वेग, म्हणजे शांत चालीची मर्यादा, मानला.

तरी उत्तर फारच चांगलं, म्हणजे वेग संशय यावा इतका जास्त, येत होतं. तीन आठवडे समीकरणं तपासली. मग एका डेपोत प्रत्यक्ष बोगी, म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, बघायला गेलो. डबा आणि बोगी यांच्यामध्ये रुळाच्या दिशेने बसवलेला यॉ डॅम्पर, म्हणजे बोगीचे हेलकावे शमवणारा तेलाचा दट्ट्या, दाखवताना फिटरकाकांनी त्याच्या टोकाच्या बुशवर, म्हणजे जोडणीतल्या रबरी कड्यावर, बोट ठेवलं. रबराला केसाएवढी चीर होती. "हे रबर मेलं की डॅम्पर असून नसल्यासारखा," ते म्हणाले. माझ्या मॉडेलमध्ये ते रबर नव्हतंच! डॅम्पर थेट लोखंडाला जोडलेला होता. छोट्या हेलकाव्यात आधी रबर दबतं, तेल हलतच नाही. डॅम्परच्या ओळीत त्या रबराची स्प्रिंग घातली आणि क्रांतिक वेग धाडकन खाली आला.

सुधारणेसाठी एक्सल आणि बोगी यांच्यातली एक्सलबॉक्सची जोडणी कडक करता आली असती, पण मग वळणावर एक्सल नीट वळत नाही आणि चाकाची आतली कड, फ्लँज, रुळाला घासते. घाटांच्या प्रदेशात हे मला पटेना. म्हणून बुशचाच कडकपणा वाढवत नेला आणि झिजलेल्या चाकावर सगळ्या फेऱ्या पुन्हा चालवल्या. तोंडी परीक्षेत मी आधी झिजलेल्या चाकाचाच आलेख दाखवला.