छत वाजवून पाहणारा माणूस

पावसाळ्यात कपडे वाळवायचे कुठे, या प्रश्नावर तोडगा म्हणून यंदा आमच्या पुण्यातल्या एरंडवण्याच्या घरी छताला टांगायच्या, दोरीने वरखाली होणाऱ्या दांड्या आणल्या. त्या बसवायला आलेल्या मिस्त्रींनी मात्र ड्रिल पिशवीतच ठेवले आणि घोड्यावर चढून हातोडीच्या लाकडी दांड्याने छत हलकेच वाजवायला सुरुवात केली. टकटक करायची, थांबायचे, वीतभर पुढे सरकायचे आणि पुन्हा टकटक. कसब्याजवळच्या कुंभारवाड्यात माठ घेताना आई बोटाच्या पेराने असाच एकेक माठ वाजवून पाहत असे. भरीव आवाज आला की गिलावा स्लॅबला धरून आहे असे समजावे. पोकळ, भदभद आवाज आला की तो सुटला आहे आणि तिथे बसवलेला स्क्रू नुसत्या गिलाव्याच्या भरवशावर राहणार आहे.

वरच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, "अहो, वाजवताय काय नुसते? काय भोक पाडायचे ते पाडा आणि मोकळे व्हा, मला दोन वाजता पडायचे असते." मिस्त्रींनी उत्तर दिले नाही, कारण ते ऐकत होते.

माझे लहानपण वाड्यात गेले. तिथे छत म्हणजे कडीपाट. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. वरच्या बिऱ्हाडात कोणी खलबत्ता घेऊन बसले की माती थेट आमच्या आमटीत उतरे, म्हणून स्वयंपाकघरात छताखाली आजोबांचे जुने धोतर ताणून बांधलेले असायचे. गैरसोय होतीच; पण वजन कोण पेलते आहे, हे तिथे उघड्या डोळ्यांना दिसत असे. वडील पाळण्याची कडी अडकवायची ती तुळईतच, आणि तुळई कुठे आहे हे पोरालाही सांगता येई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे कितीतरी वाडे पडले आणि पुढच्या वर्षांत पुणेकर हळूहळू सिमेंटच्या घरांत राहायला गेले. तिथे वर पाहावे तर सगळे सपाट आणि पांढरे, आणि आत काय आहे ते स्लॅब भरणाऱ्यालाच ठाऊक.

आमची इमारत १९७०च्या दशकातली आहे. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि ते परमिटवर मिळत असे. १९८२ मध्ये ते नियंत्रण अंशतः उठले. त्यामुळे त्या काळच्या स्लॅबमध्ये माल कसा पडला असेल याविषयी जुन्या मिस्त्रींच्या मनात कायमचा संशय असतो, आणि तो मला योग्य वाटतो. स्लॅबची जाडी जेमतेम चार-पाच इंच. त्यात खालच्या अंगाला सळया आणि सळयांवर टाकलेल्या वायरिंगच्या नळ्या. भिंतीत वायर बहुधा बटणापासून सरळ वर किंवा खाली जाते, हा नियम पाठ करून छताकडे वळणाऱ्यांना सांगायला हवे, की स्लॅब भरण्यापूर्वी वायरमन नळी जवळच्या वाटेने, म्हणजे पुष्कळदा तिरकी नेतो. म्हणून मेन स्विच बंद करायचा आणि काम बॅटरीच्या ड्रिलने करायचे. पूर्वी अशा वेळी शेजाऱ्यांकडून एक्स्टेन्शनची वायर ओढून वीज उसनी आणत असत, आणि तिच्याबरोबर शेजारीही बघायला येत.

मिस्त्रींनी ड्रिलच्या बिटाला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळली, अर्धा कापलेला प्लास्टिकचा चेंडू धूळ झेलण्यासाठी बिटावर चढवला आणि डोळ्यांना बंदिस्त चष्मा लावला. नंबरचा चष्मा पुरे, असे म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. छताचा चुरा वरून येतो आणि काचेच्या कडेने नेमका डोळ्यात शिरतो. पहिल्याच भोकाला आवाज बदलला, बिट पुढे सरकेना. सळई लागली होती. तिथे जोर लावणारे वीर पुष्कळ असतात. मिस्त्रींनी ड्रिल काढले आणि दोन इंच बाजूला नवी खूण केली. प्लास्टिकचे प्लग त्यांनी डब्यातून काढलेच नाहीत. भिंतीवर वजन खाली ओढते आणि स्क्रू आडवा असतो. छतात ते स्क्रूला सरळ बाहेर खेचते, त्यामुळे ओल्या कपड्यांच्या वजनाला भोकात फुगून घट्ट बसणारे लोखंडी फास्टनरच हवे. बाथरूमच्या छताला तर त्यांनी हातच लावू दिला नाही, कारण वरच्या घराच्या पाण्याला वाट करून देण्याची त्यांची इच्छा नव्हती.

मग न सांगता त्यांनी शेजारच्या खोलीतल्या पंख्याची वरची वाटी खाली सरकवली. स्लॅब भरतानाच आत सोडलेला लोखंडी आकडा त्या वाटीने इतकी वर्षे झाकला होता. त्याच्या मुळाशी तांबूस पापुद्रे सुटत होते आणि भोवतीच्या काँक्रीटला बारीक चीर गेली होती. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते आणि काँक्रीट फोडून ती मिळवते. आकडा आतून किती उरला आहे, हे खालून सांगता येत नाही, असे ते म्हणाले. पंख्याखाली आईची खाट असते. ती आम्ही तेव्हाच सरकवली, पंखा उतरवला, आणि आकड्यापासून दूर, भरीव जागी पंख्यासाठी नवा आधार बसवायचे आधी ठरले.