कोल्हापूरची कॅम्पर सफर आणि गाडीतले आवाज

जानेवारीत पुण्याहून भाड्याची कॅम्पर (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन आम्ही चौघं कोल्हापूरला गेलो: मी, बायको, आई आणि लेक. जाताना सुमारे 230 किलोमीटर सुरळीत पार पडले. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावरची संध्याकाळ हे सगळं छान झालं. पण कॅम्पर घेऊन निघणाऱ्यांना मला सांगायचंय ते आवाजांबद्दल.

पहिला मुक्काम राधानगरी रस्त्याला, मामांच्या मळ्यात. बाजूला ऊस, मिट्ट काळोख. साडेअकराला पायाखालून ‘घर्रर्र’ झालं आणि दोन सेकंदांत थांबलं. आई उठून बसली. “गाडीखाली काहीतरी शिरलंय रे.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. मलाही धडकी भरली होती, पण मी घड्याळ बघत बसलो. बरोबर वीस मिनिटांनी पुन्हा घर्रर्र. इतकं वेळ पाळून कुठलं जनावर येतं?

तो पाण्याचा पंप होता. नळ बंद असले की पंप नळीत दाब धरून ठेवतो. कुठे थेंब गळला की दाब उतरतो आणि पंप क्षणभर चालू होतो. टॉर्च घेऊन सगळे जोड चाचपले. सिंकखालच्या जोडाशी बोट ओलं झालं. हाताने आवळला, आवाज गेला. झोपताना पंपाचं बटणच बंद करा.

पहाटे छपरावर टकटक झाली, ती थंडीने आकसणाऱ्या पत्र्याची. आईला तसं सांगितलं तर ती लगेच झोपली. आवाजाचं नाव कळलं की भीती उरत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेताना मालकासमोर पंप, फ्रिज, इन्व्हर्टर एकेक करून चालवून घरातल्या सगळ्यांना ऐकवा. आम्ही ते केलं नव्हतं.

एका आवाजापुढे मात्र शोधाशोध करत बसायचं नाही: गॅसच्या अलार्मच्या. मधूनमधून एकच ‘टिक’ येत असेल तर बहुधा त्याची बॅटरी संपत आलेली असते. सलग वाजला किंवा वास आला, तर दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. हाताशी असेल तर सिलेंडर बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब जाऊन 1906 ला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. म्हणून खाली झोपलेल्या पोरांना आधी उचला.

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याच्या वाटेवर खडखड सुरू झाली. ती कुकरच्या झाकणाची निघाली, टॉवेल कोंबला की संपली. पण तिच्याखाली दबलेली एक घूंऽऽ आता ऐकू यायला लागली. वेग वाढला की वाढायची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून पाहिला. इंजिन मंदावलं तरी घूं तशीच, म्हणजे आवाज चाकाचा. (हे घाटात, उतारावर कधीच करू नका.) डाव्या वळणावर जास्त, उजव्या वळणावर कमी. एवढं कागदावर लिहून काढलं, घाटाचा बेत सोडला आणि सावकाश माघारी कोल्हापुरात, थेट उद्यमनगरातल्या गॅरेजात.

मिस्त्रींनी कागद वाचला. “पाव्हणं, निम्मं काम तुम्हीच केलंय की.” डाव्या वळणावर भार उजव्या चाकावर येतो, म्हणून पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, एका हाताने फिरवलं आणि दुसरा तळवा स्प्रिंगवर ठेवला. मग माझाही हात तिथे ठेवायला लावला. वाळू दळल्यासारखी थरथर तळव्याला लागत होती. बेअरिंग गेलं होतं.

भाड्याची गाडी असेल तर काम सुरू करण्याआधी मालकाला फोन करा, खर्च कोणाचा ते मेसेजवर लिहून घ्या. आम्ही तसंच केलं. दोन तास गेले, गगनबावडा राहिला. जुनं बेअरिंग लेकीने मागून घेतलंय. बोटाने फिरवलं की अजून करकरतं.