एक सॉफ्टवेअर हातात बसलं, मग बाकीची आली

ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात स्टुडिओ सुरू केला तेव्हा कामं दोनच होती: उन्हाळ्यात लग्नं आणि दिवाळीनंतर नाटकं. शूटिंग यजमान बघतात, एडिटिंग माझ्याकडे. लग्नाच्या कामातल्या अनेकांसारखी मीही एडियस या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर शिकले. पुढे प्रीमियर, फायनल कट, रिझॉल्व्ह अशी दुसऱ्या सॉफ्टवेअरची नावं कानावर येत गेली आणि दरवेळी कुणीतरी सांगायचं, आता हे शिका, नाहीतर मागे पडाल. आम्ही एडियस सोडलं नाही. आजही तो निर्णय मला योग्यच वाटतो.

त्याचं कारण झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या या भागातलं नाटक. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. तीन कॅमेरे, शिवाय साउंडवाल्याच्या मिक्सरवरून वेगळा घेतलेला आवाज. तिसऱ्या घंटेचा ठोका सगळ्या ट्रॅकवर जुळवला की सुरुवात जमते. पण कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे शेवटच्या अंकापर्यंत ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जातात. म्हणून अंकागणिक पुन्हा जुळवणी. या कामात बटण शोधत बसून चालत नाही. आईचं काम करणारी नटी बोलता बोलता थांबते, गळा दाटून येतो, नेमका तिथे क्लोजअप हवा. बोट आपोआप पडलं पाहिजे. एडियसमध्ये ‘सी’ दाबलं की कर्सरवर कट पडतो. प्रीमियरमध्ये तेच ‘सी’ ब्लेड हातात देतं, जागेवर कट मारायला कंट्रोल-के. रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल-बी. तिन्ही एकदम शिकायला घेतलेल्या पोरांचं लक्ष नटीच्या चेहऱ्यावरून उडून कीबोर्डवर जातं, हे मी डोळ्यांनी बघते.

पैशाचाही प्रश्न आहेच. प्रीमियर बनवणारं अ‍ॅडोबी २०१३ पासून वर्गणीवर गेलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत इकडे ना लग्न, ना नाटक. तेव्हा वर्गणी भरायची कशातून?

दुसरं सॉफ्टवेअर आलं ते कामामुळेच. नाटकाच्या स्टेजवर एलईडी लाइट आले आणि चेहरे निळे-जांभळे दिसू लागले. रिझॉल्व्ह मुळात रंग दुरुस्त करण्यासाठीच बनलेलं. ते बनवणारी दा विंची कंपनी २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक या कंपनीने विकत घेतली, आणि आता त्याची फुकट आवृत्तीही आमच्यासारख्यांना पुरेशी आहे. पैसे देऊन घ्यायची स्टुडिओ आवृत्ती एकदाच घ्यावी लागते. मी त्यातलं फक्त कलर पेज, म्हणजे रंगांचा भाग, शिकायला घेतलं. कट एडियसमध्ये, रंग रिझॉल्व्हमध्ये. तिथे बावरायला झालं नाही. जे-के-एल या बटणांनी मागेपुढे जाणं तेच, हळूहळू बदल घडवायला खूण करायची ती कीफ्रेम तीच, कट थोडा पुढेमागे सरकवायची, म्हणजे ट्रिमची, समज तीच. सुरुवातीलाच दोन्ही शिकले असते तर ही समज मुरलीच नसती, असं मला ठामपणे वाटतं.

मग शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि पट पुन्हा भरू लागले. जोडीच्या मालकाला रील हवी असते ती मैदानातच, बैलांच्या अंगावरचा गुलाल झटकायच्या आत. ते काम माझा भाचा मोबाइलवर करतो, आणि फार छान करतो. मी त्यात हात घालत नाही.

गावातल्या मुली शिकायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला, “ताई, कोणतं शिकू?” मी म्हणते, तुझ्या कॉम्प्युटरवर अडकत नाही ते घे, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत एक अख्खं लग्न त्यावर पूर्ण कर. दुसऱ्याचं नाव त्यानंतर काढू.

या पावसाळ्यात मी रिझॉल्व्हमधलं फेअरलाइट, म्हणजे आवाजाचा भाग, शिकायला बसले आहे. नाटकाच्या आवाजाखाली जनरेटरची घरघर असते, संवाद न बिघडवता ती कमी करायची आहे. भाऊबीजेनंतर मंडईची, म्हणजे गावोगावच्या जत्रांमधली, नाटकं लागतील, त्याआधी हे जमायला हवं.